यीस्टच्या पेशीतील निरोपांची शिस्त

पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट हा एकाच पेशीचा जीव आहे. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरीही बाहेर काय घडले हे ते ओळखते व त्याप्रमाणे वागते. हे काम पेशीतील प्रथिने करतात. ती एकमेकांकडे निरोप पोचवितात. या साखळीला संदेशमार्ग म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. यीस्टच्या भोवतीचे पाणी एकाएकी खारट झाले, तर पेशीतील पाणी बाहेर जाते व पेशी आकसते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, तसाच हा प्रकार. एरवी पेशीच्या आवरणातील एसएलएन-१ हे प्रथिन हा मार्ग रोखून धरते. मीठ वाढताच तो रोध सुटतो. मग एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट जोडते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी हॉग-१ हे प्रथिन जागे होते. पेशी ग्लिसरॉल तयार करून आत साठविते व पाणी पुन्हा आत येते. हॉग-१ चा हा मार्ग १९९३ साली प्रकाशात आला.

परंतु निरोप सुरू होणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो थांबणेही महत्त्वाचे आहे. समतोल साधताच काही प्रथिने हॉग-१ वरील फॉस्फेट काढून घेतात. मीठ बेताचे असेल, तर हे साधारण अर्ध्या तासात आटोपते. एसएलएन-१ चे जनुकच काढून टाकले, तर हॉग-१ सतत जागे राहते व पेशी मरते. रक्षणकर्ताच घातक ठरतो! सोबत हॉग-१ चे जनुकही काढले, तर मात्र पेशी जगते.

दुसरा धोका गल्लतीचा. एसटीई-११ हे प्रथिन मिठाच्या मार्गात आहे, तसेच दोन यीस्ट पेशींच्या मीलनाच्या मार्गातही आहे. १९९८ साली ओ'रूर्क व हर्स्कोविट्झ यांनी दाखविले की, हॉग-१ नसलेल्या पेशीला मीठ दिल्यास तिच्यात मीलनाचाच मार्ग सुरू होतो. म्हणजे हॉग-१ स्वतःचे काम करतेच, शिवाय निरोप भलतीकडे जाऊ देत नाही.

आपल्या शरीरातील पी-३८ हे प्रथिन हॉग-१ चे जवळचे नातलग असून दाह निर्माण होण्यात त्याचा वाटा असतो. म्हणून यीस्टचा हा अभ्यास मानवी रोगांच्या संशोधनासही उपयोगी पडतो.

विद्यार्थ्यांनी प्रथिनांची नावे केवळ पाठ करू नयेत. प्रत्येक संदेशमार्गाबाबत तीन प्रश्न विचारावेत: निरोप कोण सुरू करतो, कोण थांबवितो, आणि तो दुसऱ्या मार्गात शिरू नये म्हणून पहारा कोण देतो?