हजरत अबू जर (रजि.) यांची चादर

हिजरी सन १० मध्ये निरोपाच्या हजप्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जाहीर केले की, अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर कोणतेही श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व असलेच तर ते तकव्याचे. ही घोषणा आपण इतक्या वेळा ऐकली आणि इतरांना ऐकवली आहे की, तिच्यामागच्या वर्षांचा आपल्याला विसर पडतो. ती २३ वर्षांच्या परिश्रमानंतर आली होती. ज्यांनी ईमान स्वीकारले, नमाज कायम केली, घरदार सोडले, त्यांच्याही मनातून वंशाचा अभिमान एका कलिम्याने नाहीसा झाला नाही. तो कसा काढावा लागला, हे समजून घेण्यासाठी सहीह बुखारीतील एक हदीस पुरेशी आहे.

मअरूर नावाचे एक ताबिई रबजा येथे हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांना भेटले. प्रेषितांच्या (स.) निधनाला तेव्हा सुमारे वीस वर्षे होत आली होती. मअरूर यांच्या नजरेस एक विचित्र गोष्ट पडली. हजरत अबू जर (रजि.) यांच्या अंगावर एक चादर होती आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर तशीच दुसरी. अरबांमध्ये अशा दोन वस्त्रांचा मिळून एक पूर्ण पोशाख होत असे. त्याला हुल्ला म्हणत. मअरूर म्हणाले की, गुलामाच्या अंगावरची चादर आपण घेतली असती तर आपला हुल्ला पूर्ण झाला असता; त्याला दुसरे एखादे वस्त्र देता आले असते. सूचना व्यवहाराची होती, वाईट हेतूची नव्हती. उत्तरादाखल हजरत अबू जर (रजि.) यांनी स्वतःची एक जुनी गोष्ट सांगितली.

त्यांचा एका माणसाशी वाद झाला होता. त्या माणसाची आई अरब नव्हती, आणि रागाच्या भरात त्यांनी तिच्यावरून त्याला हिणवले. तक्रार प्रेषितांपर्यंत (स.) गेली. त्यांनी विचारले, तू त्याला आईवरून हिणवलेस काय? आणि म्हणाले की, तुझ्यात अजून जाहिलियत आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी चकित होऊन विचारले, माझ्या या उतारवयातही? उत्तर आले, होय. मग प्रेषितांनी (स.) शिकवण दिली की, हे तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली ठेवले आहे, आपण जे खाल ते त्यांना खाऊ घाला, आपण जे नेसाल ते त्यांना नेसवा, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादलेच तर त्यांना हातभार लावा.

इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस ‘किताबुल ईमान’मध्येही घेतली आहे. तेथील प्रकरणाचा आशय असा की, असे पाप जाहिलियतीचा भाग असले तरी त्यामुळे माणूस काफिर ठरत नाही. म्हणजे ईमान आणि जाहिलियतीचा अवशेष एकाच काळजात नांदू शकतात. हजरत अबू जर (रजि.) हे अगदी सुरुवातीला इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी. त्यांची त्यागवृत्ती सर्वज्ञात. ते स्वतः कुरैशचे नव्हते. गिफार ही काही मानमरातबाची जमात नव्हती. तरीही आपण अरब आहोत, एवढे एक शस्त्र त्यांच्या हाताशी होते, आणि राग येताच हात तिकडे गेला. वंशाचे मोठेपण असेच दडून असते. ज्याच्याजवळ ते आहे त्याला ते एरवी जाणवतही नाही.

आपल्याकडे हा प्रसंग व्याख्यानांतून वेगळ्या रूपात रंगवला जातो. हिणवला गेलेला माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.), हजरत अबू जर (रजि.) यांनी आपला गाल जमिनीवर टेकवला आणि बिलाल (रजि.) यांनी त्यावर पाय ठेवावा म्हणून हट्ट धरला. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण बुखारीच्या वर्णनात ना बिलाल (रजि.) यांचे नाव आहे, ना गालाचा उल्लेख, त्या रिवायती याहून कमकुवत मानल्या जातात. माझ्या मते बुखारीचे साधे वर्णनच अधिक कठोर आहे. गाल जमिनीवर टेकवणे क्षणभराचे काम आहे. पोशाखाचा जोड मोडून वर्षानुवर्षे अर्धाच अंगावर घेणे आणि एखाद्या हितचिंतकाने सोयीचा मार्ग सुचवला तरी तो नाकारणे, हे फार अवघड. शिवाय ते जुनी गोष्ट झाकत नाहीत. ज्या दिवशी आपल्याला जाहिलियतीचा माणूस म्हटले गेले तो दिवस ते स्वतःच पुढच्या पिढीला सांगतात.

येथे कोणी विचारील, मग तो गुलाम गुलाम का राहिला? प्रश्न रास्त आहे. गुलामांना मुक्त करणे हे मोठे पुण्यकर्म ठरवून इस्लामने तो दरवाजा रुंद केला. पण मुसलमान समाजांनी त्या दरवाजाकडे किती शतके पाठ फिरवली, हेही इतिहासात लिहिलेले आहे. त्याकडे पुढे येऊ.

व्यक्तीच्या सुधारणेबरोबर प्रेषितांनी (स.) समाजाची घडीही बदलली. हिजरतीच्या सुरुवातीच्या काळात कुबा येथे मुहाजिरांच्या नमाजचे नेतृत्व मुक्त झालेले गुलाम हजरत सालिम (रजि.) करीत, कारण त्यांना कुरआन अधिक अवगत होता, मागे उभे राहणाऱ्यांत हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे कुरैश असत. मक्काविजयाच्या दिवशी अजान हजरत बिलाल (रजि.) यांनी दिली. अखेरच्या आजारात प्रेषितांनी (स.) सैन्याचे नेतृत्व तरुण उसामा (रजि.) यांच्याकडे सोपवले. त्यांचे वडील जैद (रजि.) मुक्त गुलाम आणि आई उम्मे ऐमन (रजि.) हबशी. लोक कुजबुजले. ही कुजबूज मुनाफिकांची म्हणून सोडून देता येत नाही. प्रेषित (स.) म्हणाले की, तुम्ही याच्या बापाच्या नेतृत्वावरही असेच आक्षेप घेतले होते, आणि अल्लाहची शपथ, तो त्यास पात्र होता. भेदाला विरोध असणाऱ्यांनाही त्या माणसाच्या हुकमाखाली चालण्याची वेळ आली की मन कचरते. बरोबरीने बसवणे त्यामानाने सोपे.

आणखी एक प्रसंग. एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्साऱ्याला लाथ मारली. एकाने अन्सारांना हाक दिली, दुसऱ्याने मुहाजिरांना. मुहाजिर व अन्सार ही कुरआनने गौरवलेली नावे, पण टोळीची हाक म्हणून ती वापरली जाताच प्रेषित (स.) म्हणाले की, हे सोडा, याला दुर्गंधी येते. बंधुभाव जोडण्यासाठी दिलेली नावेसुद्धा किती लवकर भिंती होतात!

आधुनिक काळात या विषयावर बोलताना आपण अमेरिकेतील माल्कम एक्स यांच्या १९६४ च्या हजचा दाखला अभिमानाने देतो. गोऱ्यांना जन्मजात सैतान मानणाऱ्या संघटनेतून बाहेर पडलेल्या या कृष्णवर्णीय नेत्याने मक्केहून लिहिले की, आपण गोऱ्या मुसलमानांबरोबर एकाच ताटात जेवलो. तो अनुभव खरा होता आणि त्याने त्यांचे विचार बदलले. परंतु त्याच सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये, म्हणजे त्या हजच्या जेमतेम दोन वर्षे आधी. माल्कम यांच्या आत्मचरित्रात हजच्या गर्दीविषयी आणखी एक निरीक्षण आहे: एकसारखे दिसणारे लोक बहुधा एकमेकांजवळ जमत. त्यांना त्यात गैर वाटले नाही, कारण कोणी कोणाला दूर लोटत नव्हते. आपण मात्र ताटाचा प्रसंग तेवढा उचलतो. आजही अरबी बोलणाऱ्या काही समाजांत काळ्या माणसाला ‘अब्द’ म्हणजे गुलाम म्हणून हाक मारली जाते, आणि ही हाक मारणारा पाच वेळा नमाजही पढत असतो.

आपल्याकडे सफ एकच असते. बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, सय्यद खांद्याला खांदा लावून उभे राहतात. इमामाने सलाम फेरला की सोयरिकीसाठी प्रत्येकाची वाट वेगळी होते. मुलगी ‘गोरी’ हवी आणि घराणे ‘खानदानी’ हवे. याला कुफूचा आधार दिला जातो. फुकहांमध्ये या प्रश्नावर मतभेद आहेत हे खरे, हनफी ग्रंथांत वंशाचा विचार आहे, तर इमाम मालिक (रह.) यांच्या मते बरोबरी पाहायची ती दीनमध्ये. इमाम बुखारी (रह.) यांनीही आपल्या प्रकरणाला दीनमधील बरोबरी असेच शीर्षक दिले आणि त्यात हदीस घेतली ती याच सालिम (रजि.) यांची, ज्यांना कुरैशच्या अबू हुजैफा (रजि.) यांनी आपली सख्खी पुतणी दिली.

सहीह मुस्लिममध्ये कुरैशच्या फातिमा बिन्त कैस (रजि.) यांची हकीकत आहे. त्यांच्यासाठी दोन कुरैशी पुरुषांची मागणी आली होती. प्रेषितांनी (स.) त्यांना उसामा (रजि.) यांच्याशी निकाह करण्यास सुचवले. त्यांना ते रुचले नाही. हाताने नापसंतीची खूण करून त्या म्हणाल्या, उसामा? प्रेषितांनी (स.) पुन्हा तेच सांगितले. त्यांनी निकाह केला. पुढे अल्लाहने त्यात इतके चांगले ठेवले की इतर स्त्रियांना त्यांचा हेवा वाटू लागला. हे सारे, ती हाताची खूणसुद्धा, आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती खुद्द फातिमा (रजि.) यांच्याच तोंडून.