बाजारातील हिशेब आणि पाटीवरील गणित



काही वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गास शिकवीत असताना एका मुलीची पाटी माझ्या हाती आली. तीवर २०० मधून ९५ वजा करण्याचे उदाहरण होते आणि उत्तर लिहिले होते २९५. मुलीने काय केले होते, हे आपणांपैकी प्रत्येकास पाहताक्षणी कळेल. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून तिने पाचांतून शून्य वजा केले. पुढच्या घरातही तेच, आणि उरलेले दोन खाली उतरविले. मी त्या पाटीवर फुली मारली आणि प्रगतिपुस्तकात ‘गणित कच्चे’ असा शेरा लिहून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती मुलगी आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसलेली दिसली. आई चहाला गेली होती. मी साठ रुपये किलोची पाऊण किलो भेंडी आणि चाळीस रुपये किलोची सव्वा किलो वांगी घेतली व दोनशेची नोट पुढे केली. कागद नाही, पेन्सिल नाही, तिने क्षणभर वर पाहिले आणि म्हणाली, “गुरुजी, पंचेचाळीस आणि पन्नास, पंचाण्णव झाले. हे पाच, म्हणजे शंभर; आणि ही शंभराची नोट.” माझ्या हातावर एकशेपाच रुपये पडले. जी मुलगी शाळेत २०० मधून ९५ वजा करून २९५ उरवीत होती, तिने बाजारात जर दोनशेच्या नोटेवर दोनशे पंच्याण्णव परत दिले असते, तर तिच्या आईचे दुकान एका दिवसात बुडाले असते!

त्या वेळी ही मौज वाटली. पुढे यासंबंधीचे संशोधन वाचनात आले, तेव्हा मौज राहिली नाही. तो शेरा मनास टोचू लागला.

या प्रश्नाचा पहिला प्रसिद्ध अभ्यास ब्राझील देशातील रेसिफे या शहरात झाला. टेरेझिन्हा कॅरेहर, डेव्हिड कॅरेहर व ॲनालुसिया श्लीमन या तीन संशोधकांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. रस्त्यावर नारळ, फळे इत्यादी विकणाऱ्या, नऊ ते पंधरा वर्षे वयाच्या अवघ्या पाच मुलांकडे ते गिऱ्हाईक म्हणून गेले. विक्रीच्या ओघात त्यांनी ६३ प्रश्न विचारले, त्यांपैकी ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे त्याच मुलांना त्याच संख्यांची उदाहरणे शाळेच्या पद्धतीने घातली. शाब्दिक उदाहरणांत ७३.७ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि नुसत्या अंकांच्या उदाहरणांत केवळ ३६.८ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ क्रुझेरोंस एक याप्रमाणे चार नारळांचे १४० होतात, असे अचूक सांगितले. तीन नारळांची किंमत त्यास ठाऊक होती; तीत त्याने आणखी एका नारळाची किंमत मिळविली. त्याच मुलास ३५ गुणिले ४ लिहून करावयास सांगितले, तेव्हा चार पंचे वीस, हातचे दोन; दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, असे करीत त्याने २०० हे उत्तर काढले. हातचा मिळवावयाचा होता गुणाकारानंतर. तो त्याने आधीच मिळविला. ही चूक आपल्या वर्गांत न पाहिलेला शिक्षक विरळा.

पाच मुले म्हणजे फार थोडी, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तच आहे. परंतु अलीकडे आपल्याच देशात हा अभ्यास फार मोठ्या प्रमाणावर झाला. २०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो, बालमानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झाले. मुलांना विचारलेले हिशेब सोपे नव्हते. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेची नोट दिली तर परत किती, अशा धर्तीचे ते होते. (उत्तर १६३, वाचकांनी तोंडी करून पाहावे.) बहुतेक सर्व मुलांनी असे हिशेब बिनचूक केले. मात्र तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने कोरड्या अंकांत मांडली, की तीच मुले अडखळत. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे कोलकात्यातील जेमतेम एकतृतीयांश मुलांना जमले. ही मुले पाठांतराने उत्तरे देत असावीत, किंवा परीक्षेच्या भीतीने गडबडत असावीत, अशी शंका संशोधकांनाही होती. त्यांनी ती तपासली आणि ती खरी ठरली नाही.

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल की शाळेपेक्षा बाजार बरा. तसे मुळीच नाही, आणि लहान मुलांनी शाळा सोडून पाटी सांभाळावी असे या संशोधनात कोठेही सुचविलेले नाही. परंतु त्याच पाहणीचा दुसरा भाग आपणां शिक्षकांस अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्या बाजारांच्या जवळपासच्या शाळांत जाणारी, पण कधीही विक्री न केलेली ४७१ मुलेही तपासली गेली. कोरड्या अंकांची सोपी उदाहरणे त्यांनी विक्रेत्या मुलांहून बरी सोडविली. पण बाजारातील जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांनी केला, तो त्यांतील शंभरांत एकालाच जमला. लेखी रीती लांबलचक, वेग इतका मंद की व्यवहारात त्याचा उपयोग नाही, आणि गुणाकार करून मग वजाबाकी करावयाची असे दोन क्रियांचे काम आले की सारेच थांबले. म्हणजे एकाजवळ अर्थ आहे, चिन्ह नाही. दुसऱ्याजवळ चिन्ह आहे, अर्थ नाही. माझ्या वर्गातील जो विद्यार्थी वहीत एकही चूक करीत नसे, त्याला मी नंतर भेंडीचा तोच हिशेब घातला. तो म्हणाला, “गुरुजी, गुणायचं की भागायचं, ते सांगा.”

या दोन ज्ञानांचा सांधा आपोआप का जुळत नाही? माझ्या समजुतीप्रमाणे कारण रीतीतच आहे. तोंडी हिशेब करणारे मूल मोठ्या भागाकडून लहान भागाकडे जाते. आधी शेकडे, मग दशक, मग सुटे. प्रत्येक पायरीवर त्याच्या मनात रक्कम असते, आणि उत्तर भलतेच आले तर ते त्याला लगेच जाणवते. उभ्या मांडणीत आपण एककापासून आरंभ करतो आणि प्रत्येक घरातील अंक सुटा करून हाताळतो. तेथे ‘९५’ हे पंचाण्णव राहत नाहीत. नऊ आणि पाच उरतात. ही मांडणी वाईट नाही. मोठ्या संख्यांना तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु मूल तिच्यात शिरताना आपली रक्कम दाराबाहेर ठेवून येते.

जुन्या गावठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी यांचे पाठांतर चाले. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक वजने रूढ झाली आणि हे पाढे मागे पडले. त्यांचे पुनरुज्जीवन करा, असे मी म्हणत नाही. त्यांतही अर्थावाचून घोकंपट्टी पुष्कळ होती. तथापि पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द बाजारात आजही जिवंत आहेत आणि गणिताच्या तासास मात्र ते क्वचितच प्रवेश करतात.

केवळ खेळ आणि अनुभव दिल्यानेही काम भागत नाही, हे सांगितले पाहिजे. डुफ्लो व स्पेल्की यांच्याच गटाने दिल्लीत २१४ बालवर्गांतील १,५४० मुलांना चार महिने संख्या व आकृती यांचे खेळ दिले होते. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मुलांची संख्येची उपजत समज वाढली व ती वाढ पुढेही टिकली. पण नंतर शालेय गणित शिकताना त्यांना त्याचा विशेष लाभ झालेला दिसला नाही. खेळ आणि चिन्ह यांमध्ये कोणी तरी पूल बांधावा लागतो.

तो बांधण्याची एक रीत मी करून पाहिली, ती येथे देतो. मुलास हिशेब तोंडी करू द्यावा व तो मोठ्याने बोलावयास लावावे. तो जे बोलेल तेच, त्याच क्रमाने, आपण फळ्यावर अंकांत लिहावे: ९५ आणि ५, १००, १०० आणि १००, २००, दिले १०५. आपले बोलणे फळ्यावर उमटलेले पाहून मुले चकित होतात. यानंतरच उभी मांडणी घ्यावी, आणि तीही खोट्या नोटांनी. पुठ्ठ्याच्या शंभराच्या दोन नोटा मुलापुढे ठेवून पंचाण्णव मागावे. सुटे नाहीत, तर नोट मोडावी लागेल, हे त्यास सांगावे लागत नाही. एक शंभर मोडून दहा दहाच्या नोटा, त्यांतील एक दहा मोडून दहा सुटे. आता एक शंभर, नऊ दहा व दहा सुटे झाले. त्यांतून नऊ दहा व पाच सुटे गेले, राहिले एकशेपाच. आपण वर्गात ‘उसना घेणे’ असे म्हणतो. मला ‘मोडणे’ हा शब्द अधिक पटतो. उसने घेतलेले परत द्यावे लागते, मोडलेली नोट परत द्यावी लागत नाही, आणि मुले नेमकी हीच शंका विचारतात.

जो विद्यार्थी वहीत हुशार आहे, त्याच्याकडून उलट दिशेने काम घ्यावे. लिहिण्यापूर्वी उत्तर सुमारे किती येईल, हे त्याने तोंडी सांगावे. नंतर त्याच उदाहरणावरून बाजारातील एक प्रसंग स्वतः रचावा. प्रारंभी या मुलांना याचा कंटाळा येतो. वेळही पुष्कळ जातो. एका तासात तीन उदाहरणांपलीकडे मजल जात नाही, आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असलेल्या महिन्यात मीही ते सोडून दिले आहे.

त्या भाजीवालीच्या मुलीकडे मी पुन्हा तेच उदाहरण दिले. नोटा मोडून झाल्यावर तिने पाटीवरील आपले जुने २९५ वाचले, हसली, आणि न सांगताच पुसून टाकले. वजाबाकी तिला सुमारे पंधरा दिवसांत साधली. भागाकाराची मांडणी मात्र वर्ष संपेपर्यंत तिला नीट जमली नाही; चार भावंडांत साठ रुपये वाटावयाचे म्हटले की उत्तर तोंडी लगेच येई. प्रगतिपुस्तकातील शेरा मी खोडला आणि त्या जागी तिला काय येते व काय अजून येत नाही, ते दोन ओळींत लिहिले.