काटा ते पावती : मधल्या वायरीचा अभ्यास



उसाची गाडी काट्यावर चढली की प्रत्येकाचे लक्ष कुठे असते? गाडीवानाचे बैलांकडे, ट्रॅक्टरवाल्याचे मागच्या ट्रॉलीकडे, आणि सभासद स्वतः खेपेबरोबर आला असेल तर त्याचे लाल आकड्यांकडे. आकडा थांबतो, खिडकीतून पावती येते, गाडी गव्हाणीकडे जाते. परंतु तो लाल आकडा आणि पावतीवरचा आकडा यांच्या मध्ये एक वायर असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आजचा पाठ त्या वायरीवर आहे. निवृत्तीनगर असो, दत्तात्रयनगर असो, मंचरकडचा खाजगी काटा असो की गावच्या डेअरीतला दुधाचा काटा, जिथे काटा संगणकाला जोडलेला आहे तिथे बहुधा याच जातीची जोडणी आढळते. आपल्यापैकी कित्येकांची मुले डिप्लोमा करून अशाच कामावर आहेत, त्यांनाही हे वाचायला द्यावे.

प्रथम काट्याचे थोडक्यात पाहू. काट्याच्या लोखंडी फळीखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर अतिबारीक तारेची जाळी चिकटवलेली. वजन पडले की पोलाद केसभरही नाही इतके दबते आणि जाळीचा विद्युतरोध बदलतो. दहा व्होल्ट दिले तर पुऱ्या वजनाला वीसेक मिलीव्होल्ट परत मिळतात, एवढाच तो इशारा. काटाघरातली पेटी, जिला इंडिकेटर म्हणतात, त्या इशाऱ्याचे किलो करते आणि लाल आकडे दाखवते. तोच आकडा ती वायरीवरून संगणकाला कळवते.

कळवते कशी? रांगेने. हंगामात काट्यापुढे गाड्यांची रांग लागते ना, तसे एकेका अक्षराचे तुकडे एकामागून एक एकाच तारेतून जातात. म्हणून याला सिरियल म्हणजे रांगेची जोडणी म्हणतात. तुकड्याला बिट म्हणायचे. प्रत्येक अक्षराच्या पुढे एक सुरुवातीचा बिट, मध्ये सात किंवा आठ कामाचे, जमल्यास एक पडताळ्याचा, आणि शेवटी एक थांब्याचा. एकूण धरा दहा. वेग ९,६०० असेल तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

आता निवडीचा प्रश्न येतो. यंत्र विकायला येणारा माणूस वेगाची स्तुती करतो. जास्त वेग म्हणजे चांगले यंत्र, असे आपल्यालाही वाटते. पण हिशेब करून पाहा. वजनाचा एक निरोप वीस अक्षरांचा, म्हणजे दोनशे बिटांचा. १,२०० च्या संथ वेगानेही तो सेकंदाच्या सहाव्या भागात पोचतो. गाडी काट्यावर चढून स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते आपण जाणतोच. तेव्हा काट्याला वेग नको, खात्री हवी. आमचे मत विचाराल तर २,४०० किंवा ४,८०० पुष्कळ झाले.

वेगाची हौस पूर्वी टर्मिनलांनीही भागवून घेतली आहे. एका मोठ्या संगणकाला अनेक पडदे व कळफलक जोडायचे, त्यांना टर्मिनल म्हणत. डेक कंपनीचे १९७८ चे व्हीटी-१०० हे त्यातले गाजलेले. ते १९,२०० वेगापर्यंत चाले, परंतु पडद्यावर ओळी सरकवताना ते मागे पडे. मग ते संगणकाला ‘थांब’ असे एक अक्षर पाठवी आणि सावरले की ‘चालू दे’ असे दुसरे. संगणकाने हा इशारा मानला नाही की मधल्या ओळी गडप! कधी कोणाकडून कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या जात, तोच ‘थांब’चा इशारा, टर्मिनल मेले म्हणून मेकॅनिकला बोलावणे जाई, आणि तो कंट्रोल-क्यू दाबून चहा पिऊन परत जाई.

हाच रोग काट्यावर वेगळ्या रूपाने येतो आणि तिथे तो हसण्यावारी नेता येत नाही. काही इंडिकेटर सारखे बोलत राहतात, सेकंदाला अनेकदा वजन पाठवतात. संगणक दुसऱ्या कामात अडकला तर हे निरोप त्याच्या साठ्यात तुंबतात. पुढची गाडी चढते, कारकून कळ दाबतो, आणि साठ्यातला जुना आकडा, म्हणजे आधीच्या गाडीचे वजन, पावतीवर येते. उपाय सोपा आहे. वजन घेण्याच्या क्षणी आधी साठा रिकामा करायचा, मग ताजा आकडा वाचायचा. किंवा मागितल्यावरच वजन सांगणारी पद्धत इंडिकेटरवर लावायची. आम्हांला दुसरी पसंत आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वायरीतली चूक दोन प्रकारची असते. एकीत पडद्यावर कचरा दिसतो, भलतीच चिन्हे येतात. ही बरी, कारण ती ओरडून सांगते. दुसरी चूक गप्प असते. यंत्राच्या भाषेत २ हा आकडा ०११००१० असा जातो आणि ६ हा ०११०११० असा. फरक एका बिटाचा! मिलची मोटर सुरू होताना वायरीत धक्का बसला, तेवढा एक बिट उलटला, तर १८,२४० किलोचे १८,६४० होतात. उलट ६ चा २ झाला तर तेवढेच कमी. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,४०० रुपये एफआरपी ठरवली होती. त्या दराने हे ४०० किलो म्हणजे १,३६० रुपये, तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीचे. आकडा वाढला तर सभासदाने खूश होऊ नये. सहकारात ते पैसे दुसऱ्या सभासदाच्याच उसातून जातात.

यासाठी पडताळ्याचा बिट, ज्याला पॅरिटी म्हणतात, तो बंद ठेवू नये. तो अक्षरातल्या एक या चिन्हांची संख्या सम की विषम ते सांगतो, त्यामुळे एक बिट उलटला की चूक पकडली जाते. दोन उलटले तर मात्र पकडली जात नाही. म्हणून संगणकाला सांगून ठेवावे की इंडिकेटरने ‘स्थिर’ असा इशारा दिल्यावर लागोपाठ तीन वाचने सारखी आली तरच पावती छाप. बैल पाय बदलतात, ट्रॉली झोके खाते, तेव्हा हे तसेही हवेच.

बिघाड शोधण्याचा क्रम आमच्या मते असा. पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी तारा पाहा. नऊ टाचण्यांच्या जोडात संगणकाची २ क्रमांकाची ऐकण्याची, ३ ची बोलण्याची व ५ ची समाईक. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानाशी जोडायचे असते. बोलणे बोलण्याशी जोडले की दोघे मुके. मीटर लावून ५ च्या तुलनेत पाहावे. बोलणारी तार स्वस्थ असताना उणे ३ ते उणे १५ व्होल्ट दाखवते. संगणकाच्या बाजूला वायर काढून २ आणि ३ एकत्र जोडा व कळ दाबा. तेच अक्षर पडद्यावर परत आले तर संगणक निर्दोष आहे, दोष वायरीत किंवा पलीकडे. हल्लीच्या संगणकाला जुना जोड नसतो, यूएसबीचा अडॉप्टर लावतात. तो दुसऱ्या भोकात खोचला की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असा आमचा अंदाज आहे.

कचरा येत असेल तर दोन्हीकडचा वेग सारखा आहे का ते पाहावे. काही अक्षरे बरोबर व काही भलती असतील तर सात-आठ बिटांचा किंवा पॅरिटीचा घोळ.

एरवी ठीक आणि मोटरा चालू झाल्या की चुका, असे असेल तर दोष वायरीच्या मार्गात. आरएस-२३२ या जोडणीच्या १९६९ च्या प्रमाणात लांबीची मर्यादा ५० फूट सांगितली आहे. काटाघर एकीकडे आणि कचेरी दोनशे फुटांवर असेल तर ती वायर ओढूच नये. तिथे आरएस-४२२ किंवा ४८५ ची पिळाची जोडतार वापरावी, ती ४,००० फुटांपर्यंत चालते. मोटरीच्या केबलबरोबर एकाच चरातून ती नेऊ नये. वळवाच्या पावसात विजेने पोर्ट जळतात, म्हणून मध्ये प्रकाशाने निरोप पोचवणारा अलगकारी जोड बसवावा. आपल्या खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे संदेश काचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. काचेत ना मोटरीचा धक्का शिरत, ना वीज उतरत. काट्यालाही हा तंतू आता परवडू लागला आहे.

आणि वायरीला दोष देण्यापूर्वी फळीखाली डोकवा. चिखल, दगड, उसाचे कांडे फळीच्या कडेला अडकले असेल तर रिकामा काटा शून्यावर येत नाही. फळीवर वेल्डिंग करताना लोडसेलमधून वीज जाऊ देऊ नये, तो कायमचा बिघडतो. उंदरांचे तर सांगायलाच नको.

आकडा काट्यापुढे घरापर्यंत नेण्याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. वारणानगरला १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना झाली. शेतकऱ्यांना तिथे मुख्यतः हवे होते आपल्या उसाचे वजन, खताची बाकी, तोडणीचा हिशेब. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत तेच काम मोबाईलवरच्या छोट्या संदेशाने करून पाहिले आणि ते सोपे पडले. संदेश जास्तीत जास्त १६० अक्षरांचा. वजनाला तेवढी जागा भरपूर.

वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे काट्याची पडताळणी व मुद्रांकन दर १२ महिन्यांनी करावे लागते. निरीक्षक प्रमाण वजने ठेवून काट्याचा आकडा पाहतो. त्या दिवशी तेवढ्याच वजनांची पावतीही छापून घ्यावी व दोन्ही ताडावीत, असा आमचा आग्रह आहे. मुद्रा काट्यावर असते, वायरीवर नव्हे.

सभासदाने काट्यावर एवढे करावे. गाडी चढण्यापूर्वी शून्य पाहावे. भरल्या गाडीचा लाल आकडा वहीत लिहावा, रिकाम्या गाडीचाही लिहावा, आणि दोन्ही पावतीशी ताडून पाहावे. फरक दिसला तर पावती क्रमांक, गाडी क्रमांक, वेळ आणि लाल आकडा एवढे लिहून तिथल्या तिथे शेतकी खात्याकडे द्यावे. भरल्या वजनात फरक असेल तर गाडी पुढे नेऊ नये. ऊस एकदा गव्हाणीत पडला की त्याचे फेरवजन होत नाही.