स्वकर्म आणि सृष्टिचक्र

बंगळुरू येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका मराठी तरुणाचे पत्र काही दिवसांपूर्वी आले. तो लिहितो, “गेली आठ वर्षे मी संगणकावर आज्ञावली लिहिण्याचे काम करीत आहे. वेतन चांगले आहे. सांगलीस आईवडिलांचा चरितार्थ त्यावरच चालतो. परंतु माझ्या कामाचा कोणास काय उपयोग होतो, हे मला ठाऊक नाही. सकाळी काचेच्या इमारतीत शिरतो आणि रात्री बाहेर पडतो. पाऊस पडून गेला हे रस्ता ओला दिसला म्हणजे कळते. राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे. कोठे तरी डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन घेऊन राहावे, असे वाटते. गीता याविषयी काय सांगते?”

हा प्रश्न त्या एकट्या तरुणाचा नाही. मोठ्या नगरांत राहून पोट भरणाऱ्या असंख्य सुशिक्षितांच्या मनात तो आज घोळत आहे. म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्राने न देता या पाठात देण्याचे योजिले आहे.

प्रश्नाचे दोन भाग आहेत. मनास समाधान देईल असे काम कोणते, हा पहिला. आणि सृष्टीशी तुटलेला नित्याचा संबंध पुन्हा कसा जोडावा, हा दुसरा. नोकरी सुटली की दोन्ही गोष्टी आपोआप साधतील, अशी त्या तरुणाची समजूत दिसते. गीतेच्या दृष्टीने पाहिले असता हे दोन प्रश्न निराळे नाहीतच. त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे तिसऱ्या अध्यायातील चौदा ते सोळा हे तीन श्लोक होत.

१. चक्राचा सिद्धांत

त्या श्लोकांचा आशय असा आहे. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसामुळे पिकते, पाऊस यज्ञावर अवलंबून आहे आणि यज्ञ कर्मातून निर्माण होतो. असे हे चक्र अखंड फिरत आहे. त्यापासून घ्यावयाचे तेवढे घेऊन जो ते पुढे फिरवीत नाही, त्याचे जगणे भगवंतांनी व्यर्थ म्हटले आहे. येथे ‘यज्ञ’ शब्दाने केवळ अग्नीत आहुती देणे एवढाच संकुचित अर्थ घेऊ नये. चौथ्या अध्यायात यज्ञाचे अनेक प्रकार सांगितले असून त्यांत स्वाध्याय आणि ज्ञान यांचाही समावेश केला आहे. जे मिळाले त्याची परतफेड म्हणून, स्वार्थ बाजूस ठेवून केलेले कर्म म्हणजे यज्ञ, हा अर्थ आपल्या विषयास पुरेसा आहे.

आता हा सिद्धांत त्या काचेच्या इमारतीस लावून पाहू. दुपारी तहान लागली म्हणजे तो तरुण पाण्याचा पेला उचलतो. बंगळुरू नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे आणि त्याच्याजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. १९७४ सालापासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, तीन टप्प्यांत वर उपसून, या नगरास पुरविले जाते. कावेरीचा उगम कोडगू प्रांतात सह्याद्रीच्या माथ्यावर तलकावेरी येथे आहे आणि नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस तिला भरतो. म्हणजे ज्या पावसाची वार्ता त्या तरुणास ओल्या रस्त्यावरून लागते, तोच पाऊस त्याच्या हातातील पेल्यात आलेला असतो. तो सृष्टीपासून दूर गेलेला नाही. आपण तिच्यापासून घेत आहोत, एवढ्याचेच त्याला विस्मरण झाले आहे.

सातव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात पृथ्वी, जल, अग्नी, वायू व आकाश यांच्या जोडीने मन, बुद्धी आणि अहंकार यांचीही गणना प्रकृतीत केली आहे. तेव्हा सृष्टी म्हणजे सुट्टीच्या दिवशी वाहनात बसून पाहावयाचे दृश्य, ही कल्पनाच चुकीची ठरते. जिच्या घटकांनी आपला देह आणि आपली बुद्धी बनली, तिला पाहावयास दूर जावे लागते असे वाटणे, हाच मुळात रोग आहे.

१९६० सालानंतर जन्मलेल्या पुष्कळ बंगळुरूकरांना हेही ठाऊक नसते की, नगराचे मुख्य बसस्थानक जेथे आहे, तेथे पूर्वी धर्मांबुधी नावाचे तळे होते. अशी अनेक तळी बुजली. विहिरींनी आणि कूपनलिकांनी जमिनीतले पाणी उपसले गेले, आणि २०२४ सालच्या उन्हाळ्यात कित्येक वसाहतींना टँकरच्या पाण्यासाठी ताटकळावे लागले. घ्यावयाचे आणि परत द्यावयाचे नाही, या वृत्तीचे फळ सांगणारा तिसऱ्या अध्यायातील इशारा अशा रीतीने प्रत्यक्षात दिसतो.

२. ज्यांनी चक्र पुढे फिरविले

सिद्धांत कळला तरी आचरण कसे करावे, हे उदाहरणावाचून कळत नाही. सुदैवाने त्याच नगरात आणि त्याच्या आसपास अशी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण एका माळ्याचे आहे. गुस्ताव्ह हर्मान क्रुंबिगल यांचा जन्म १८६५ साली जर्मनीत ड्रेस्डेन नगराजवळ झाला. इंग्लंडातील क्यू येथील उद्यानात काम करून ते १८९३ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात जाऊन बंगळुरूच्या लालबागेचा कारभार पाहू लागले. रस्त्यांच्या कडेस अशी झाडे लावावी की एकाचा बहर सरला म्हणजे दुसऱ्याचा यावा, आणि वर्षभर नगरात कोठे ना कोठे फूल असावे, ही योजना त्यांच्या नावाशी जोडली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांस स्थानबद्धही व्हावे लागले. तथापि ते मायदेशी परतले नाहीत. १९५६ साली बंगळुरूतच त्यांनी देह ठेवला. रोप लावणाऱ्या मनुष्यास मोठ्या वृक्षाची सावली क्वचितच मिळते. फलावर अधिकार न सांगता कर्म करणे म्हणजे काय, हे माळ्याच्या धंद्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही धंद्यात दिसत नसेल.

हे काम पुढील पिढ्यांनी सोडले नाही. १९८० नंतरच्या दशकात वनाधिकारी सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली नगरात सुमारे १५ लक्ष झाडे लावली गेली. ते सरकारी नोकरच होते. वेतन घेत होते, वरिष्ठांच्या आज्ञा पाळीत होते आणि कागदपत्रेही लिहीत होते. नोकरी असूनही यज्ञ होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण बंगळुरूच्या पश्चिमेस मागडी तालुक्यातील हुलिकल गावचे. तिम्मक्का या निरक्षर, मोलमजुरी करणाऱ्या बाई. त्यांस मूलबाळ नव्हते. त्या आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेने वडाची रोपे लावण्यास आरंभ केला. दिवसाची मजुरी सांभाळून, घागरींनी दूरवरून पाणी वाहून आणावे आणि गुरांनी खाऊ नये म्हणून काटेरी कुंपण घालावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. सुमारे चार किलोमीटरांच्या अंतरात वडाची तीनशेहून अधिक झाडे उभी राहिली. कन्नड भाषेत ‘सालुमर’ म्हणजे ओळीने लावलेली झाडे. लोकांनी हा शब्द त्यांच्या नावामागे जोडला आणि त्या सालुमरद तिम्मक्का झाल्या. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनी इहलोक सोडला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी मजुरी टाकून झाडे लावली नाहीत. मजुरी पोटासाठी होती आणि झाडे चक्रासाठी. पण दोहोंच्या योगाने त्यांचे जीवन एकसंध झाले.

तिसरे उदाहरण पत्र लिहिणाऱ्या तरुणास अधिक जवळचे वाटेल. आनंद मल्लिगवाड हे एका कारखान्यातील अभियंते. त्यांनी बंगळुरूच्या दक्षिणेकडील क्यालसनहळ्ळी येथील ३६ एकरांचे कोरडे पडलेले तळे २०१७ साली पुन्हा जिवंत केले. त्या कामास पैसा त्यांच्याच कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून मिळाला. नोकरी सोडून सर्व वेळ तळ्यांस वाहून घेण्याचा निर्णय त्यांनी त्यानंतर घेतला. आधी काम, मग त्याग, हा क्रम येथे ध्यानात ठेवावा. त्यांनी नोकरीचा कंटाळा आला म्हणून तळे शोधले नाही. तळ्याचे काम वाढले म्हणून नोकरी गळून पडली. पिकलेले फळ देठापासून सुटते, त्यात आणि कच्चे फळ ओढून तोडण्यात जो भेद आहे, तोच येथे आहे.

३. सोडावे की न सोडावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्जुनानेही दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भिक्षा मागून राहणे बरे, अशी भाषा केली होती. भगवंतांनी त्यास तसे करू दिले नाही. कारण ती इच्छा वैराग्यातून उपजलेली नसून शोकातून उपजली होती. अठराव्या अध्यायाच्या सातव्या व आठव्या श्लोकांत हाच भेद शास्त्ररूपाने सांगितला आहे. प्राप्त कर्तव्य मोहाने टाकणे हा तामस त्याग, आणि कष्टाच्या भयाने टाकणे हा राजस त्याग होय. दोहोंपासूनही त्यागाचे फळ मिळत नाही. डोंगराच्या पायथ्याशी घेतलेल्या जमिनीवरही तण माजते, पाऊस चुकतो आणि बाजारभाव पडतो. कंटाळ्याने एक काम सोडणारा मनुष्य तोच कंटाळा बरोबर घेऊन दुसऱ्या कामाकडे जातो.

मग कोणतीही नोकरी निमूटपणे करीत राहावे काय? तसेही नाही. येथे कर्माचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग चक्र पुढे फिरविणाऱ्या कर्मांचा. शेती, अध्यापन, रोग्याची शुश्रूषा, रस्ता झाडणे, प्रामाणिक व्यापार ही सर्व त्यात येतात. यांपैकी कोणतेही कर्म हलके नाही.

दुसरा वर्ग, ज्यांचा चक्राशी असलेला संबंध कर्त्यास दिसत नाही, अशा कर्मांचा. मोठ्या कार्यालयांतील बहुतेक कामे या वर्गात मोडतात. संबंध असतो, परंतु मध्ये इतके हात असतात की तो दृष्टीस पडत नाही. येथे काम बदलण्यापूर्वी दृष्टी बदलावयास हवी. आपण लिहिलेली आज्ञावली शेवटी कोणाच्या हाती जाते, हे त्या तरुणाने कधी विचारून पाहिले आहे काय? ती एखाद्या रुग्णालयात, बँकेत वा आगगाडीच्या आरक्षणात वापरली जात असेल. ज्यास आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाचा मनुष्य दिसला, त्याचे निम्मे वैफल्य नाहीसे होते.

तिसरा वर्ग चक्र मोडणाऱ्या कर्मांचा. लोकांस फसविणे, विष विकणे, नदीनाल्यांत घाण सोडून ती झाकणे, ही कर्मे ज्या जागेवर करावी लागतात, ती जागा सोडावीच. प्रत्येक कर्मास थोडा दोष असतो, जसा अग्नीस धूर असतो, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. पण धूर सोसणे निराळे आणि घरास आग लावणे निराळे. चौरेचाळिसाव्या श्लोकापर्यंत वर्णिलेल्या कर्तव्यांच्या विवेचनानंतर, शेहेचाळिसाव्या श्लोकात स्वकर्मानेच ईश्वराची पूजा होते असा जो सिद्धांत येतो, त्याची कसोटी हीच. जे कर्म पूजा म्हणून अर्पण करण्यास लाज वाटेल, ते स्वकर्म नव्हे.

४. आचरणाचा नियम

ज्ञान आचरणात न उतरले तर पाठ व्यर्थ होतो. म्हणून त्या तरुणास आम्ही पुढीलप्रमाणे लिहिले आहे.

राजीनाम्याचे पत्र फाडू नये आणि देऊही नये. ते एक वर्ष पेटीत ठेवावे. घराजवळचे एक झाड निवडावे आणि त्याचे नाव कन्नड शेजाऱ्यास विचारून घ्यावे. करंज असेल तर चैत्रातील त्याची कोवळी पालवी, गुलमोहोर असेल तर उन्हाळ्यातील त्याचा बहर, बूच असेल तर पावसाळा सरल्यावर पहाटे त्याखाली पडणारा फुलांचा सडा, हे सर्व पायी जाऊन रोज पाहावे. केवळ पाहू नये, तर त्यास काही द्यावेही. उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालावे, बुंध्याभोवतीचे सिमेंट उकरून माती मोकळी करण्याची खटपट करावी आणि खोडात ठोकलेला जाहिरातीचा खिळा काढावा. पाण्याचा पेला उचलताना कावेरीचे स्मरण करावे. आठवड्यातून एक दिवस जवळच्या एखाद्या तळ्याच्या कामात हात घालावा. आणि कार्यालयात महिन्यातून एकदा तरी, आपल्या कामाचा लाभ घेणाऱ्या एखाद्या मनुष्याची गाठ घ्यावी.

वर्षाच्या अखेरीस झाड आपले एक आवर्तन पुरे करील. त्या वेळी पेटी उघडून पत्र पुन्हा वाचावे. राजीनामा देण्याचे कारण तेव्हाही तेच वाटले, तर तो अवश्य द्यावा; मात्र आईवडिलांच्या चरितार्थाची तजवीज आधी करावी, कारण तेही याच चक्रात आहेत. आणि ते पत्र दुसऱ्याच कोणी लिहिले असावे असे वाटले, तर त्याच्या कोऱ्या बाजूवर पुढील वर्षी लावावयाच्या रोपांची यादी करावी.

मननासाठी प्रश्न

१. आज आपण जे अन्न व पाणी घेतले, ते कोणत्या प्रदेशातून आणि किती हातांतून आले?

२. आपले नित्याचे काम वर सांगितलेल्या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडते? दुसऱ्या वर्गात मोडत असल्यास त्याच्या दुसऱ्या टोकास कोण आहे?

३. तिसऱ्या अध्यायातील चक्राचे श्लोक आणि अठराव्या अध्यायातील त्यागाचे श्लोक एकत्र वाचून, आपण आजवर सोडलेल्या एखाद्या कामाचा त्याग सात्त्विक होता, राजस होता की तामस, हे प्रामाणिकपणे ठरवावे.