‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ : मराठी वृत्तपत्रांच्या अभ्यासाचे एक साधन

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांच्या अभ्यासकापुढील पहिली अडचण अंकांच्या अनुपलब्धतेची असते. ‘केसरी’चे जुने अंक पाहावयास मिळतात, परंतु १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘दीनबंधु’चे सलग अंक हाती लागत नाहीत. अशा वेळी अभ्यासक मुंबई सरकारच्या ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’कडे वळतो. देशी पत्रे काय लिहितात हे राज्यकर्त्यांना कळावे, म्हणून त्यांतील निवडक मजकुराचे इंग्रजी सारांश या साप्ताहिक अहवालात छापले जात.

हे अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांतील ‘एल/आर/५’ या मालिकेत आढळतात, आणि त्यांची सूक्ष्मपटले काही विद्यापीठीय ग्रंथालयांनी घेतलेली आहेत. ग्रंथालयाच्या तालिकेत वृत्तपत्राच्या नावाने शोध घेणारा विद्यार्थी बहुधा रिकाम्या हाताने परततो. नोंद अहवालाच्या नावाने व मुंबई इलाख्याखाली असते. अहवालासोबतची पत्रांची यादीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. तीत प्रकाशनस्थळ, खप, संपादकाचे नाव, इतकेच नव्हे तर त्याची जात आणि वयही नोंदविलेले असते. सरकार कोणत्या नजरेने वाचत होते, हे त्या एका रकान्यावरून कळते.

खरा प्रश्न भाषेचा आहे. अहवालातील इंग्रजी उताऱ्याचे पुन्हा मराठी करून ते अवतरणचिन्हांत मूळ पत्राचे शब्द म्हणून देण्याची प्रथा काही प्रबंधांत रूढ झाली आहे. ती सर्वथा सदोष होय. इंग्रजीत ‘डिस्कंटेंट’ असेल, तर मुळात असंतोष होता, नाराजी होती की नुसती कुरकुर, हे कसे ठरवावे? या तीन शब्दांच्या अंतरातच संपादकाची शैली असते, आणि प्रसंगी त्याचा तुरुंगवासही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन ‘केसरी’तील लेखांच्या भाषांतरावरच आक्षेप घेतले, ते याच कारणाने.

भाषांतरकार अडाणी होते, असा याचा अर्थ नव्हे. वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित हे सरकारचे ओरिएंटल ट्रान्स्लेटर होते. न्यायमूर्ती रानडे यांनीही ते काम काही काळ पाहिले. परंतु अधिकाऱ्यासाठी सारांश करताना उपरोध, म्हण, श्लेष प्रथम गळतात. तेव्हा मूळ अंक नसल्यास आशय अप्रत्यक्ष कथनात द्यावा, आणि पत्राची तारीख व अहवालाचा सप्ताह दोन्ही नोंदवावेत. शिवाय राज्यकारभाराशी संबंध नसलेल्या कविता, ग्रंथपरीक्षणे यांना अहवालात क्वचितच जागा मिळे. त्यामुळे एखाद्या पत्राने वाङ्मयाविषयी काही लिहिलेच नाही, असा निष्कर्ष केवळ या साधनावरून काढता येत नाही.