बारला बांधलेला फोटो

प्रिय सोनू,

तू पाठवलेली महिन्याच्या रिपोर्टची पीडीएफ काल रात्री मागचं सगळं आवरल्यावर शांतपणे बघितली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तुझ्या हातात आख्ख्या पुलाचं शेड्यूल आलं, याचा मला फार आनंद आहे. ताईला फोन करून सांगितलंसुद्धा.

बार चार्टवर तू साइटचे नऊ फोटो लावलेस. कल्पना चांगली आहे, ती सोडू नकोस. पण पी-७ या खांबाच्या पाइल कॅपचा फोटो पी-८ च्या ओळीवर जाऊन बसलाय, हे तुझ्या लक्षात आलं का? तेवढ्यासाठी मावशीने पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. का ते सांगते.

मला प्लॅनिंगमध्ये चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. खाडीवरच्या पुलाचं काम होतं. मीही असाच एका कॅपचा फोटो चार्टवर चिकटवला होता. सळई बांधून झालेली, शटरिंग लागायचं बाकी. पुढच्या अपडेटला त्या कॅपचं काम तीन आठवडे पुढे गेलं आणि वरच्या भागात मी दोन नवी कामं घातली. बार सरकले, ओळी खाली गेल्या, फोटो मात्र होता तिथेच राहिला. झालं काय, की तो नेमका वरच्या ओळीतल्या दुसऱ्या कॅपच्या बारला टेकला. त्या कॅपचं काँक्रीट होऊन दहा दिवस उलटले होते. रिव्ह्यू मीटिंगमध्ये क्लायंटच्या साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काम अजून सळईत दिसतंय, मग हा बार शंभर टक्के कसा भरला?" आमचा साइट इंजिनिअर परोपरीने सांगत होता, पण फोटोपुढे त्याचं कोण ऐकणार? चूक माझी आहे हे मला कळायला आणि मी उठून सांगायला पाच-सात मिनिटं गेली. तेवढ्या वेळात त्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं ठरवून झालं होतं. भर पावसात रात्र रात्र उभा राहून त्याने ती कॅप ओतली होती. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून आता नीट वाच. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये गँट चार्टवर आणलेल्या चित्राच्या प्रॉपर्टीज उघडल्यास की 'साइझ अँड पोझिशन' हे पान मिळतं. त्यात दोन पर्याय आहेत. 'अटॅच टू टाइमस्केल' घेतलंस तर चित्र एका तारखेला बांधलं जातं, मग काम कुठेही जावो. 'अटॅच टू टास्क' घेतलंस तर टास्कचा आयडी द्यायचा, बारच्या सुरुवातीला बांधायचं की शेवटाला ते सांगायचं, आणि तिथून आडवं-उभं किती अंतर ठेवायचं ते भरायचं. मग बार सरकला की चित्रही त्याच्यासोबत जातं. तुझे नऊच्या नऊ फोटो तारखेला बांधलेले दिसतायत. कामाचा फोटो कामालाच बांध. शक्यतो बारच्या शेवटाला बांध, म्हणजे तो बारवर चढत नाही आणि टक्केवारी झाकली जात नाही.

तारखेला काय बांधायचं? जे खरोखर तारखेचं असतं ते. तुझा पूल कोकणातला, तेव्हा पावसाळा. जून ते सप्टेंबर असा फिकट करडा चौकोन काढ, तो टाइमस्केलला बांध आणि 'सेंड टू बॅक' करून बारच्या मागे टाक. पाण्यातलं कोणतं काम त्या पट्ट्यात शिरतंय, हे बघणाऱ्याला न सांगता कळेल. उद्या प्रिमाव्हेरावर बसलास तर तिथे याच कामाला कर्टन आहे. सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिली की पट्टा तयार.

कामाची गोष्ट कामालाच बांधायची ही कल्पना जुनी आहे. पोलंडचे कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये हार्मोनोग्राम म्हणून तक्ता केला होता. गँट यांचे तक्ते त्यानंतरचे. हार्मोनोग्राममध्ये प्रत्येक कामाची कागदी पट्टी असायची, आणि आधीचं काम कोणतं, पुढचं कोणतं, हे त्या पट्टीवरच लिहिलेलं असायचं. पट्टी उचलून दुसरीकडे लावली की तिच्यावरचा मजकूर तिच्याबरोबर जायचा. आपल्याला ते 'अटॅच टू टास्क' म्हणून मुद्दाम निवडावं लागतं, एवढाच फरक. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता नऊ फोटोंबद्दल. त्यातले सहा काढून टाक. ट्रान्झिट मिक्सर उभा आहे, मजूर सळई वाकवतायत, यातून बारने न सांगितलेलं काय कळतं? काम कधी आणि किती झालं हे बार सांगतो. का अडलं हे त्याला सांगता येत नाही. पी-३ च्या डोक्यावरून गेलेली विजेची तार अजून हलवलेली नाही, तो तुझा फोटो उत्तम आहे. त्याच्यामुळे चाळीस दिवसांचा उशीर एका नजरेत समजतो. तो ठेव, थोडा मोठा कर, आणि त्याखाली फोटो काढल्याची तारीख लिही. स्टेटस डेटच्या नंतर काढलेला फोटो त्या अपडेटमध्ये कधीही घालू नकोस. चार्ट एका दिवसाचा आणि फोटो दुसऱ्या दिवसाचा झाला की भांडणाला निमित्त मिळतं.

मोबाइलचा मूळ फोटोही तसाच टाकू नकोस. आधी कातर, लहान कर, मग आण. नाहीतर फाइल जड होते आणि साइट ऑफिसच्या नेटवर मेल जाता जात नाही. पाठवण्याआधी ए-थ्रीवर एक काळी-पांढरी प्रिंट काढून बघ. बहुतेकांच्या हातात तीच पडते.

एक कर. फाइलची कॉपी घे, पी-७ ची सुरुवात पंधरा दिवस पुढे ढकल आणि त्याच्या वर एक रिकामी ओळ घाल. फोटो बारसोबत गेला का, ते मला रात्री फोन करून सांग. मी साडेदहापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी