पहिल्या मीटिंगला जाशील तेव्हा

बघ गं, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. बाई असून पितेस म्हणजे तू कुणी जगावेगळी वाईट आहेस, ही. तांदळाच्या डब्यामागे क्वार्टर ठेवणारी आणि मुलं शाळेतून यायच्या वेळी वेलदोडा चघळत बसणारी तू एकटी नाहीस. नवरा पीत असला तर नातेवाईक निदान चौकशी तरी करतात. सून पिते हे मात्र घरचेच दडपून ठेवतात, म्हणून बायका मदत मागायला इतक्या उशिरा येतात. तू आत्ता विचारलंस, फार बरं केलंस.

पण दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपची मीटिंग नंतर, आधी डॉक्टर. हे मी दटावून सांगतेय. रोज पिणाऱ्या बाईनं एकदम बंद केली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, पुढे भास सुरू होतात आणि जिवावर बेततं. यावर गोळ्या आहेत, बी-1 ची इंजेक्शनं आहेत, वेळ पडली तर काही दिवस अ‍ॅडमिट करून घेतात. मनाचा निर्धार करून खोलीत कोंडून घेऊ नकोस. आणि डॉक्टरांना रोजचा आकडा खरा सांग, अर्धा करून नाही. औषध त्यावरच ठरतं. पुण्याजवळ असशील तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ते सुरू केलं, तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

आता ग्रुप. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे नुसतं ‘एए’ म्हणतात. चर्चच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात संध्याकाळच्या मीटिंगा असतात, ऑनलाइनही असतात. 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, तिला पैसे पडत नाहीत. एएच्या स्वतःच्या हेल्पलाइनीही आहेत. फोनवर तीन गोष्टी विचार: भाषा कोणती, बायका येतात का, आणि मीटिंग ओपन की क्लोज्ड. ओपन असेल तर बहिणीला सोबत नेता येतं. क्लोज्डला फक्त आपल्यासारखे.

फोन करायचा धीर होत नाही ना? अगं, हे सगळं उभंच राहिलंय एका फोनवर. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सुटलेली, त्यात धंद्याचं काम फसलेलं, आणि बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला, बोलायला एखादा दारुडा मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, आणि त्या दोघांपासून एए सुरू झालं. आपलं पिणं आवरायला त्याला दुसरा पिणाराच हवा होता. नवऱ्याची समजूत आणि आईच्या शपथा जिथे पोचत नाहीत, तिथे आपल्यातलंच माणूस पोचतं गं. मी हे रोज बघते.

खरं सांगू का, दारातून आत शिरणं सगळ्यात अवघड. खोलीभर पुरुष आणि कोपऱ्यात एखाद-दुसरी बाई, असंही होईल. तू सरळ जाऊन तिच्या शेजारी बस. एकेक जण बोलायला लागतो, “माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.” सगळे त्याला नावानं हाय म्हणतात, मग तो बोलतो आणि कुणी मध्ये तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. तुझी पाळी आली तर “आज फक्त ऐकते” म्हण, पुरे. आडनाव कुणी विचारत नाही, फी नाही. पैशांची पिशवी फिरते, त्यात नवीन माणसानं काही टाकायलाच हवं असं नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. देवाचं नाव निघेल, तुझा विश्वास नसेल तर त्यावर अडून बसू नकोस. आणि समोर तुमच्या सोसायटीतलं कुणी दिसलं तर? तेही त्याच कामाला आलंय ना!

मोबाइल नंबर मात्र सुरुवातीला बायकांनाच दे. स्पॉन्सर, म्हणजे पुढच्या पायऱ्यांवर हात धरणारी, ती बाईच हवी. एका ग्रुपमध्ये अवघडल्यासारखं वाटलं तर दुसरा बघ, शहरात बरेच असतात.

घरच्यांचं म्हणशील, तर मीटिंगच्या वेळेला कुकर नवरा लावेल. त्याच्यासाठीही अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचे ग्रुप. बिलची बायको लोइस हिनं 1951 मध्ये त्यात पुढाकार घेतला होता. सासूबाईंना आज सगळं सांगायलाच हवं असं नाही. क्लासला जाते म्हणालीस तरी चालेल.

आणि मध्येच कधी प्यायलीस, तर तोंड लपवून घरी बसू नकोस. त्याला तिथे स्लिप म्हणतात आणि ती ऐकून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला जा आणि सांग. आता हे ठेव बाजूला, डॉक्टरांची वेळ घे. मग हेल्पलाइनला फोन कर आणि मीटिंग कधी, कुठे आहे ते मला कळव. पहिल्या दिवशी मी येते सोबत.